मागची गॅलरी

"शाबासकी त्याच क्षणी द्यायची, सूनबाई. त्याचा पाय खाली टेकायच्या आत. मागाहून दिलेली शाबासकी माणसाला कळते, कुत्र्याला नाही. आणि मोठ्यानं द्यायची. म्हण बघू."

मामंजी हॉलमधल्या कॉटवर उशांना टेकून बसले होते. ऑपरेशन झालेला पाय पुढे लांब केलेला, हातात काठी. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी. आमच्या दोघांच्या मध्ये सुभेदार बसला होता आणि जो बोलेल त्याच्याकडे मान वळवून बघत होता.

"शाब्बास," मी म्हटलं.

"कुणाला म्हणालीस?"

"सुभेदाराला."

"त्याला पत्ता नाही. एवढ्या आवाजात देवाला ऐकू जात असेल, कुत्र्याला नाही. पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. सुभेदारानं एक कान उभा केला. दुसरा त्याचा जन्मापासूनच मोडलेला होता.

"ग्राउंडवर शेवटच्या रांगेतल्या पोराला ऐकू गेलं पाहिजे," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी काठी खाली ठेवली. "जाऊ दे. जमेल हळूहळू."

मामंजींनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. निवृत्त झाल्यावरही, सासूबाई गेल्यावरही, ते गावातच राहिले. अंगण, विहीर आणि हा तांबडा गावठी कुत्रा. रोज संध्याकाळी ते अंगणाच्या फाटकाशी जाऊन त्याच्या गळ्यातला पट्टा काढत आणि शाळा सुटताना ओरडावं तसं ओरडत, "सुट्टी!" तो शब्द ऐकल्याशिवाय सुभेदार फाटक उघडं असलं तरी हलायचा नाही. ऐकला की मग ओढ्यापर्यंत धूळ उडायची. गावाला गेले की मी हे ओसरीवरून बघत असे.

त्या वर्षी ज्येष्ठात विहिरीपाशी त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं. तिथून ते सांगलीला आमच्याकडे आले, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. बिल्डिंगमधल्या चार पुरुषांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. गावाहून त्यांचं सामान घेऊन जीप आली, तिच्यात सामानाच्या वर सुभेदार बसलेला होता. त्याला बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

कुत्र्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मी त्याला हात लावत नसे, एवढंच. माझी पहाटेची आंघोळ, सोवळं, पूजा, पोथीचा अध्याय, मग नैवेद्याचा स्वयंपाक. तो होईपर्यंत मी माणसांनाही शिवत नव्हते. चातुर्मासात त्यात भर पडे. देवासमोर रोज गोपद्मं काढायची, म्हणजे रांगोळीनं गाईची पावलं, आणि जेवताना मौन पाळायचं. मामंजींना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी पहिल्या दिवशीच सुभेदाराला काठीनं स्वयंपाकघराचा उंबरा दाखवला आणि म्हणाले, "इथून पुढं नाही." तो गेला नाही.

सकाळ-संध्याकाळ हे त्याला खाली घेऊन जात. बिल्डिंगच्या मागं एक मोकळा प्लॉट होता, बाभळी माजलेला. एका संध्याकाळी वर आल्यावर पट्टा खुंटीला अडकवता अडकवता हे म्हणाले, "बाबा, हे असं किती दिवस चालायचं?"

"कसं?"

"आत्ता मी नेतोय, ठीक आहे. दिवाळी झाली की कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होईल. मला पाळ्या लागतील. कधी रात्री, कधी पहाटे. मग ह्याला कोण नेणार?"

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच.

"बाळासाहेब पाटलाची द्राक्षबाग आहे," हे पुढं म्हणाले. "त्याला राखणीला कुत्रं हवंय. मोकळं रान मिळेल."

"राखणीला म्हणजे साखळीला."

"दिवसा साखळी. रात्री मोकळा."

 सुभेदार मामंजींच्या कॉटखाली जाऊन पडला होता, फक्त शेपूट बाहेर. त्या शेपटीकडे बघत ते म्हणाले, "मी त्याला घरात शिकवतो."

"काय शिकवता?"

"करायला. मागच्या गॅलरीत."

हे हसायलाच लागले. "अहो बाबा, लोक कुत्र्याला घरात करू नको म्हणून शिकवतात!"

"मीही तेच शिकवलं. ज्याला पुढं चालायला शिकवलं त्याला पीछे मूड शिकवता येतं. तीस वर्षं तेच केलंय."

"आणि नाही शिकला तर?"

"चातुर्मास संपेपर्यंत मुदत दे. नाही शिकला तर बोलव पाटलाची जीप. मी आडवा येणार नाही."

ह्यांनी मान्य केलं. मामंजींचा शब्द म्हणजे शब्द, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

मग मामंजींनी मला हाक मारली. "सूनबाई, मागची गॅलरी तुझी. देतेस का?"

तुळस पुढच्या गॅलरीत होती. मागच्या गॅलरीत मी कपडे वाळत घालत असे, इतकंच. "घ्या की, मामंजी," मी म्हटलं.

"जायची वाट तुझ्या स्वयंपाकघरातून आहे. देवघरावरून."

मी थोडा विचार केला. "भिंतीकडेनं जाऊ दे त्याला."

"जाईल," मामंजी म्हणाले.

ह्यांनी पत्र्याची एक उथळ पेटी करून आणली, दाराएवढी रुंद. गावाकडच्या अंगणातली माती पोत्यात भरून आणली आणि वर हरळीचे गड्डे लावले. पाणी घातल्यावर आठवड्यात हरळी हिरवीगार झाली. हे ती बघून म्हणाले, "चला, गणपतीला दूर्वा आता घरच्याच."

"काहीतरीच बोलू नका," मी म्हटलं आणि देवाकडे बघून हात जोडले.

मामंजींना वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच येता येई. गॅलरीचा उंबरा उंच होता, तो त्यांना ओलांडवत नव्हता आणि दारातून पेटी दिसत नव्हती. म्हणून डोळे माझे आणि आवाजही माझा, असं ठरलं. त्या दिवसापासून शाबासकीचा सराव सुरू झाला.

पण शाबासकी द्यायची कशाला, हा प्रश्न होता. सुभेदार हुकमाप्रमाणे भिंतीकडेनं चालत गॅलरीत जाई, पेटीत उभा राही, हरळी हुंगे आणि माझ्याकडे बघत उभा राही. मीही त्याच्याकडे बघत उभी राही. हॉलमधून आवाज येई, "झालं का?"

"नाही, मामंजी."

"काय करतोय?"

"उभा आहे."

"आणि तू?"

"मीही उभीच आहे."

"तू वळ तिकडं. बाईमाणसासमोर लाजत असेल."

मी वळून उभी राही. काही होत नसे. ज्या जिवाला पिल्लू असल्यापासून घरात करायचं नाही म्हणून बजावलं, तो घरात करेना. संध्याकाळी हे घरी येईपर्यंत तो थोपवून धरी. शेवटी शेवटी त्याचे मागचे पाय थरथरत. तो दाराशी जाऊन बसे, पण भुंकत नसे. मामंजी त्याच्याकडे बघत आणि पेपर उलटा धरून वाचत.

"जाऊन आला का?" ह्यांनी वर आणलं की मी विचारी.

"मुतला का, असं विचार," मामंजी म्हणाले एकदा. "शब्दाला विटाळ नसतो."

मला तो शब्द काही उच्चारता आला नाही.

एक दिवस ह्यांना यायला उशीर झाला आणि सुभेदारानं घरात केलं. पेटीत नाही. स्वयंपाकघरात, देवघरासमोर, गोपद्मांच्या बरोबर वर. करून झाल्यावर तो कान पाडून तिथंच उभा राहिला. रांगोळीची पावलं वाहून गेली होती.

मी त्याला रागावले नाही. फरशी पुसली, वर गोमूत्र शिंपडलं, आंघोळ केली आणि गोपद्मं पुन्हा काढली. रोज सकाळी तुळशीच्या पानानं चार थेंब गोमूत्र मी देवघरापाशी शिंपडतच असे, घरात जनावर आल्यापासून. त्या दिवशी थोडं जास्त घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तीच जागा. मग पुन्हा.

"देवघरासमोर?" हे म्हणाले. "अख्ख्या घरात ह्याला दुसरी जागा मिळाली नाही? बाबा, पुरे झालं आता."

"मुदत संपलेली नाही," मामंजी म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या कस्तुरेबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्यांच्या कानावर गेलं. त्या दारातून देवघराकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुकं जनावर देवापाशीच का जातं हो सारखं? वास्तूत काही असेल. एखादी शांत करून घ्या."

"कुणाची शांत?" मामंजी हॉलमधून म्हणाले. "कुत्र्याची की बिल्डिंगची?"

कस्तुरेबाई कुंकू लावून घेऊन गेल्या. माझ्या मनात मात्र ते राहिलं. नेमात माझ्याकडून काही कमी पडतंय का, हे मी तपासून बघितलं. मला काही सापडलं नाही. मग मी देवघरापाशी गोमूत्र थेंबानं शिंपडायचं सोडून ओंजळीनं घालायला लागले. सुभेदार अधिक वक्तशीर झाला.

एकदा मी पुसत असताना मामंजी वॉकर टेकत दारात येऊन उभे राहिले. नाकपुड्या फुगवून त्यांनी वास घेतला.

"कशानं पुसतेस ते? फिनेल?"

"देवघरापाशी फिनेल कसं चालेल? गोमूत्र आहे."

"रोज?"

"रोज. हा आल्यापासून."

"बाटली आण."

मी बाटली दिली. त्यांनी बूच काढून वास घेतला, मग वाकून ती सुभेदाराच्या नाकाशी धरली. सुभेदार उठला. त्याची शेपूट ताठ झाली. तो वळला आणि सरळ, भिंतीची कड सोडून, देवघराच्या दिशेनं चालायला लागला.

"अडव! अडव त्याला!"

मी दोन्ही हात पसरून देवघरासमोर उभी राहिले. तो माझ्या पदरापाशी येऊन थांबला आणि मामंजींकडे वळून बघायला लागला. हुकूम बदलला का, असं विचारल्यासारखा.

मामंजी हसायला लागले. वॉकर थरथरायला लागला तरी हसत होते. डोळ्यांतून पाणी आलं. "अगं सूनबाई! तुझ्या-माझ्या दृष्टीनं ते गोमूत्र. त्याच्या नाकाला ते नुसतं मूत. गावी असता तर प्रत्येक खांबावर तेच हुंगून पाय वर केला असता. तू रोज सकाळी तिथं पाटी लावतेस, 'येथे करावे' म्हणून. तो बिचारा पाटी वाचतोय!"

मला तेव्हा हसू आलं नाही. संध्याकाळी भांडी घासताना आलं.

"आता असं करायचं," मामंजी कॉटवर बसल्यावर म्हणाले. "ही बाटली पेटीत. देवघरापाशी एक थेंब नाही."

"मग देवघर शुद्ध कशानं करू?"

"ते खातं तुझं. त्यात मी बोलणार नाही."

दोन दिवस मी देवघरापाशी काहीच शिंपडलं नाही. मग देवघरातला गंगेचा गडू खाली काढला. सासूबाईंनी काशीहून आणलेला, तांब्याचा, झाकण डाग देऊन बंद केलेला. असे गडू घरोघरी असतात. कुणी जायला टेकलं की फोडतात आणि तुळशीच्या पानानं तोंडात पाणी घालतात. तोवर त्यांना हात लावत नाहीत. मी देवाला नमस्कार केला आणि सांडशीनं झाकण उचकटलं. आत पाणी स्वच्छ होतं. देवघरापाशी ते शिंपडलं. गोमूत्राची बाटली घेऊन मागच्या गॅलरीत गेले, गाईची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि हरळीवर थोडं ओतलं.

हे घरी आल्यावर उघडा गडू बघून जागीच थांबले. "गडू फोडलास? अगं, तो बाबांच्या..." आणि मामंजी समोरच बसलेत हे लक्षात येऊन गप्प झाले.

"बरं झालं," मामंजी म्हणाले. "आयत्या वेळी सांडशी शोधत बसायला नको."

देवघरासमोरचा प्रकार थांबला. पण पेटीतही काही होईना. सुभेदार आता पेटीत जाऊन बराच वेळ हुंगे, गोल फिरे, अगदी पाय उचलण्याच्या बेताला येई आणि बाहेर निघून दाराशी जाऊन बसे. त्याला कळलं होतं, पण पटत नव्हतं. दसरा झाला. दिवाळी झाली. कारखान्याची चिमणी पेटली. ह्यांनी पाटलांना निरोप धाडला आणि जीप कार्तिकी एकादशी उलटल्यावर, द्वादशीच्या सकाळी येणार असं ठरलं. सुभेदाराची जर्मनची ताटली हे धुऊन पुसून दाराशी ठेवायला लागले तेव्हा मामंजी म्हणाले, "ती राहू दे अजून. आजचा दिवस आहे, उद्याचा आहे."

तो दिवस दशमीचा होता. सकाळी मामंजी म्हणाले, "श्रीनिवास, आज त्याला खाली नेऊ नको."

एरवी ते ह्यांना श्रीन्या म्हणत. हे पट्टा पुन्हा खुंटीला लावून आले.

दुपारी दोघांना वाढून झाल्यावर मी माझं पान घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले. चित्राहुती घातल्या, पाणी फिरवलं. पहिला घास तोंडात गेला की शेवटचं आचमन होईपर्यंत शब्द नाही, असा चातुर्मासाचा माझा नेम होता. आईनं घालून दिलेला. चुकून शब्द गेलाच तर पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा खायचं नाही. इतक्या वर्षांत ती वेळ आली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे माझा निर्जळी उपवास.

मी दोन-तीन घास घेतले असतील. सुभेदार भिंतीकडेनं आत आला. पाटावरून मला गॅलरीचं दार आणि पेटी दोन्ही दिसत होती. तो पेटीत चढला. हुंगला. एक गोल फिरला, दुसरा फिरला. मग थांबला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. ह्यावेळी मी तोंड फिरवलं नाही.

त्यानं पाय उचलला.

हरळीवर आवाज व्हायला लागला. बराच वेळ झाला. आदल्या संध्याकाळपासूनचं होतं. हे हॉलमध्ये, त्यांना दिसत नव्हतं. मामंजी कॉटवर, त्यांनाही दिसत नव्हतं. आवाज थांबत आला. पाय खाली येऊ लागला.

"शाब्बास!" मी म्हणाले.

म्हणाले म्हणजे ओरडले. तो आवाज माझा होता ह्यावर माझाच विश्वास बसला नाही. हॉलमध्ये ह्यांच्या हातून काहीतरी पडलं. खालच्या गॅलरीतून कस्तुरेबाईंचा आवाज आला, "काय हो, काय झालं? कोण पडलं?" सुभेदार पेटीत ताठ उभा होता, मोडका कानही उभा करायचा प्रयत्न करत. मग त्याची शेपूट हलायला लागली आणि मी आणखी एकदा तेच ओरडले. पहिल्यांदा ओरडल्यावर मौन मोडलंच होतं.

हे धावत आत आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे, मग पेटीकडे.

"केलं?"

मी मान हलवली.

"आणि तू बोललीस?"

मी पानाला नमस्कार करून उठले. भात झाकून ठेवला आणि हात धुतले.

हॉलमधून काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. "आवाज आहे की गं!" मामंजी म्हणाले. "मग इतके दिवस कुठं दडवला होतास?"

त्या दिवशी सुभेदारानं पुन्हा केलं, दुसऱ्या दिवशीही. मी प्रत्येक वेळी शाबासकी दिली, पण तेवढ्या मोठ्यानं द्यायची गरज पडली नाही. द्वादशीला जीप आली, पाटलांच्या ड्रायव्हरनं चहा घेतला आणि रिकामी परत गेली. ह्यांनी ताटली पुन्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. "बाबा जिंकले," ते म्हणाले. माझ्यामते त्यांनाही बरं वाटलं होतं.

तुळशीचं लग्न झालं त्या संध्याकाळी बिल्डिंगमधली मुलं ऊस आणि चिंचा खाऊन गेली. हे पाळीवर गेले होते. मी पुढच्या गॅलरीत अक्षता गोळा करत होते. मामंजी वॉकर घेऊन दाराशी आले आणि खुर्चीवर बसले. सुभेदार त्यांच्या पायाशी.

"सूनबाई, त्या दिवशी उपाशी राहिलीस."

"एकादशीही होतीच की."

"दशमीला नव्हती." मग ते म्हणाले, "तुला काय वाटलं, मी ह्याला घरात कशासाठी शिकवत होतो?"

"ह्यांच्या पाळ्यांसाठी."

"पाळ्या चार महिन्यांच्या. तेवढ्यासाठी वॉचमनला चार पैसे दिले असते तरी भागलं असतं." त्यांनी काठीच्या टोकानं सुभेदाराच्या पाठीवर हलकेच खाजवलं. "मिरजेच्या डॉक्टरांनी मला नुसता पाय बघून घरी पाठवलं नाही. छातीचंही बघितलं त्यांनी. श्रीन्याला मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. सांगून काही बदलत नाही."

मी अक्षता मुठीत धरून उभी होते.

"माझ्यामागं हा राहिला तर तुझ्याकडेच राहील. श्रीन्या दिवसभर कारखान्यात. मी म्हटलं, तुला ह्याला हात लावावा लागू नये. तुझ्या सोवळ्याच्या, तुझ्या नेमाच्या आड हा येऊ नये. आपला आपण जाईल, आपला आपण येईल. आड नाही आला तर ठेवशील तू त्याला. एवढाच हिशेब होता माझा." ते हसले. "आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापायी तू भरल्या पानावरून उठलीस. म्हणजे मी उगीचच तुझी गॅलरी अडवली."

खाली रस्त्यावर कुणीतरी फटाका लावला. सुभेदारानं डोळे उघडले आणि मिटले.

"एक शब्द देशील?"

"सांगा की, मामंजी."

"तो गॅलरीत जातो तो मी सांगितलं म्हणून. आवडतं म्हणून नाही. आणि इथं आल्यापासून त्याला कुणी सुट्टी दिलेली नाही. मी असेपर्यंत हुकूम माझा, तो ते निभावेल. मी नसेन तेव्हा एकदा त्याला खाली ने. मागच्या प्लॉटवर. पट्टा काढ आणि सुट्टी म्हण. मोठ्यानं. त्याशिवाय तो सुटायचा नाही."

"हे नेतील की."

"नेईल. रोज नेईल हवं तर. पण ती सुट्टी तू द्यायची. तुझा आवाज त्यानं ऐकलाय."

मी देवघराकडे वळले, तर ते म्हणाले, "देवासमोर नको. त्याच्यासमोर दे."

मी सुभेदाराकडे बघून म्हटलं, "देते."

मामंजी माघात गेले, सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. सांडशी शोधावी लागली नाही. तो गडू अजून माझ्या देवघरात आहे, झाकण नसलेला.

सुतकात देवपूजा नव्हती, पोथी नव्हती. मी देवासमोर नुसती बसत असे. घरात पाहुणे होते आणि ते मागच्या गॅलरीतली हरळी बघून एकमेकांना खुणा करत होते. सुभेदार सकाळ-संध्याकाळ भिंतीकडेनं जाई, पेटीत आपलं उरकून येई आणि कॉटखाली जाऊन पडे. कॉटवरची गादी काढलेली होती. कुणी शाबासकी देत नव्हतं. तो आता मागे वळून बघतही नव्हता. एका पाहुण्या आत्यांनी मला सांगितलं, "काय गुणी आहे हो, काही त्रासच नाही."

गोडाचं जेवण झालं. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ केली. पूजा पुन्हा सुरू करायचा पहिला दिवस. सोवळं वलणीवर वाळलेलं होतं. मी काठीनं ते खाली घेतलं, हातात धरलं आणि पुन्हा वलणीवर टाकलं. साधं पातळ नेसले आणि हॉलमध्ये येऊन खुंटीवरचा पट्टा काढला.

हे रात्रपाळीहून नुकतेच येऊन खुर्चीत बसून बूट काढत होते.

"कुठं निघालीस?"

"खाली."

त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. "मी नेतो की. थांब, चहा घेतो आणि नेतो."

"तुम्ही घ्या चहा. ओट्यावर झाकून ठेवलाय."

"अगं, पण पूजा? आज पहिला दिवस ना?"

"आल्यावर करीन."

"पुन्हा आंघोळ करावी लागेल."

"करीन."

मी कॉटपाशी वाकले. सुभेदारानं मान उचलली नाही, नुसते डोळे वर केले. त्याच्या गळ्याभोवती पट्टा घालताना माझी बोटं केसांत गेली. केस मला वाटले होते त्यापेक्षा राठ होते आणि खालची कातडी गरम होती. पट्ट्याचं बक्कल मला लागेना. तो तसाच मान पुढे करून थांबला. शेवटी लागलं.

तो उठला आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे, भिंतीकडेनं, चालायला लागला.

"तिकडं नाही," मी म्हटलं. "इकडं."

तो थांबला. बंद दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी कडी काढली. जिन्यातून गार वारा आत आला आणि त्याचा चांगला कान उभा राहिला. कस्तुरेबाईंच्या दारात दुधाच्या पिशव्या अजून तशाच पडलेल्या होत्या. आम्ही एकेक पायरी उतरायला लागलो, तो पुढे, मी मागे, आणि तो शब्द मी ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होते, आधी हळू, मग जरा मोठ्यानं.